लय, पट्टी आणि भाव : शुमानची 'ट्रॉयमेराय' वर्गात ऐकताना



कार्यानुभव-कलेच्या तासाला एखादं गाणं किंवा वाद्यसंगीत लावलं की आपण मुलांना हमखास विचारतो, "हे ऐकून कसं वाटलं?" उत्तरं बहुतेक वेळा दोनच येतात. "छान" किंवा "सॅड". यात मुलांचा दोष नाही. जलद ते आनंदी, संथ ते दुःखी असं सूत्र आपणच त्यांच्या हातात देऊन ठेवलेलं असतं. शहरात की-बोर्डच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना आणखी एक सूत्र मिळतं : मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी. मग कार्यपत्रिकेत जोड्या लावायच्या आणि पुढच्या घटकाकडे जायचं.

हे सूत्र खरं आहे का, ते आपण आज एका अडीच-तीन मिनिटांच्या पियानोच्या तुकड्यावर तपासून बघू. संगीताचं शिक्षण नसलं तरी चालेल. एक मोबाईल, एक साधा स्पीकर आणि शाळेत असेल तर पेटी (नसेल तर मोबाईलवरचं पेटीचं ॲप) एवढं पुरे.

रचना कोणती?

रॉबर्ट शुमान हा जर्मन संगीतकार. जन्म 1810. 1838 साली त्याने पियानोसाठी छोटे छोटे तेरा तुकडे रचले आणि त्या संचाला 'किंडरझेनन' म्हणजे 'बालपणीची दृश्ये' असं नाव दिलं. संच पुढच्या वर्षी छापला गेला. त्यातला सातवा, म्हणजे बरोबर मधला तुकडा 'ट्रॉयमेराय'. जर्मन शब्दाचा अर्थ स्वप्नात हरवणं, जागेपणीच तंद्री लागणं. मी वर्गात 'तंद्री' असंच सांगते, कारण 'दिवास्वप्न' म्हटलं की मुलांना अभ्यास सोडून खिडकीबाहेर बघणारा मुलगा आठवतो आणि पुढचं बोलणं रागावण्यावर जातं!

एक गोष्ट आधीच लक्षात घेऊ. हे तुकडे मुलांनी वाजवावेत म्हणून लिहिलेले नाहीत. मोठ्या माणसाने मागे वळून आपलं लहानपण आठवावं, तसे ते आहेत. त्या वेळी शुमानचं क्लाराशी लग्न ठरत नव्हतं. क्लारा स्वतः नावाजलेली पियानोवादक, आणि तिचे वडील, जे शुमानचे पियानोचे गुरू होते, तेच लग्नाच्या विरोधात. क्लारा एकदा त्याला म्हणाली होती की तू मला कधी कधी लहान मुलासारखा वाटतोस. त्या वाक्याचा धागा धरून आपण हे तुकडे लिहिले, असं त्याने तिला पत्रात कळवलं होतं. तुकड्यांना नावं त्याने नंतर दिली. आधी सूर, मग शीर्षक. वर्गात ऐकवताना मीही हाच क्रम पाळते. नाव आधी सांगितलं की मुलं सूर ऐकत नाहीत, नाव ऐकतात.

मुलांसाठी म्हणून शुमानने वेगळा संच लिहिला तो दहा वर्षांनी, 1848 मध्ये. त्यातला एक तुकडा आपल्याला पुढे लागणार आहे.

पट्टी : पेटीवरून समजून घेऊ

पाश्चात्त्य संगीतात रचनेसोबत तिची 'की' सांगतात. ट्रॉयमेराय 'एफ मेजर'मध्ये आहे. हे ऐकून घाबरायचं कारण नाही, कारण आपल्याकडचा कुठलाही भजनी मंडळातला पेटीवाला हीच गोष्ट रोज बोलतो. "बुवा, पट्टी कोणती? काळी चार?" म्हणजे षड्ज कुठल्या पट्टीवर धरायचा. 'एफ' म्हणजे पेटीची पांढरी चार. 'मेजर' म्हणजे त्या षड्जापासून सगळे स्वर शुद्ध. आपल्या भाषेत बिलावल थाटाची मांडणी. मायनर म्हटलं की गंधार, धैवत आणि निषाद कोमल, म्हणजे साधारण आसावरी थाटाचे स्वर. तेव्हा 'एफ मेजर' या दोन शब्दांत दोन वेगळ्या माहिती आहेत : पट्टी पांढरी चार आणि स्वर शुद्ध. मुलांना हे दोन भाग सुटे करून दाखवलेत तर अर्धं काम झालं.

(इथे एक सावधगिरी. ट्रॉयमेराय 'बिलावलमध्ये आहे' असं मुलांना सांगू नका. थाट म्हणजे राग नव्हे. शिवाय पियानोवर एकाच वेळी चार-पाच स्वर एकत्र वाजतात आणि त्या एकत्र स्वरांतूनच इथला अर्धा भाव तयार होतो. आपण फक्त स्वरांची ओळख पटावी म्हणून आपली सरगम वापरतो आहोत.)

पेटीवर पांढरी चार षड्ज धरा आणि सुरुवात वाजवून बघा. खालचा पंचम, मग सा. तिथे थोडं थांबायचं. मग नी सा ग प आणि वरचा सा. एवढंच. पायरी-पायरीने गच्चीवर जावं तसा सूर वर जातो, वर क्षणभर टेकतो आणि हळूहळू खाली उतरतो. दुसऱ्या वेळी तोच रस्ता, पण या वेळी वरच्या सा ऐवजी तो आणखी वर, तार सप्तकातल्या गंधारापर्यंत पोचतो. तिसरी-चौथीच्या मुलांना हात वर नेऊन सूर किती उंच गेला ते दाखवायला सांगा. "या वेळी जास्त वर गेला" हे त्यांना आपसूक कळतं, स्वरांची नावं माहीत नसली तरी. मधल्या भागात रंग थोडे गडद होतात, मायनरकडे झुकतात. मग पुन्हा पहिला सूर परत येतो. शेवटाच्या जरा आधी तो पुन्हा त्या उंच गंधारावर जाऊन अडतो, आणि वादक तिथे चक्क थांबतो. त्या थांबण्याकडे मुलांचं लक्ष वेधा.

लय : इथे खरी गंमत आहे

'टेम्पो' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात हसू येतं. मुलांना टेम्पो म्हणजे बाजाराला माल नेणारी गाडी. हसू द्या आणि मग सांगा, संगीतातला टेम्पो म्हणजे आपली लय. एका मिनिटात किती मात्रा पडतात ते. घड्याळाचा सेकंदकाटा टिकटिक करतो ती 60 ची लय. मात्रा मोजणारं मेट्रोनोम नावाचं यंत्र येतं. मेल्झेल नावाच्या गृहस्थाने त्याचं पेटंट 1815 मध्ये घेतलं, आणि तेव्हापासून संगीतकार रचनेच्या डोक्यावर आकडा लिहू लागले.

ट्रॉयमेरायच्या डोक्यावर छापलेला आकडा आहे 100. म्हणजे मिनिटाला शंभर मात्रा. सेकंदकाट्यापेक्षा बराच जलद.

आता पाचवी-सहावीच्या मुलांकडून एक गणित करून घ्या. रचनेत चार-चार मात्रांचे गट आहेत, त्यांना बार म्हणतात. एकूण बार 24. त्यातले पहिले 8 दोनदा वाजवायचे असतात. म्हणजे 32 बार, गुणिले 4, बरोबर 128 मात्रा. मिनिटाला 100 मात्रांनी वाजवलं तर सगळी रचना 77 सेकंदांत संपली पाहिजे. सव्वा मिनिट! पण बाजारात असलेली बहुतेक ध्वनिमुद्रणं अडीच ते तीन मिनिटांच्या आसपास आहेत. समजा तुम्ही लावलेलं ध्वनिमुद्रण 2 मिनिटं 40 सेकंदांचं आहे. म्हणजे 160 सेकंद. 128 भागिले 160 गुणिले 60 केलं की येतात 48. छापलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. (वादकाने पहिला भाग दोनदा वाजवला आहे ना, हे आधी ऐकून घ्या. नसेल तर 96 मात्रा धरा. आणि ही सरासरी आहे, कारण वादक मध्ये मध्ये लय ओढतो, सोडतो, शेवटी तर बराच सैल करतो.)

मोठमोठे वादक संगीतकाराने लिहिलेल्या लयीच्या निम्म्याने का वाजवतात? यावर खूप वाद झाले आहेत. शुमानचं मेट्रोनोम बिघडलेलं होतं, असाही एक जुना तर्क आहे. क्लाराने पुढे नवऱ्याच्या रचनांची जी आवृत्ती तयार केली, तिच्यात तिने या तुकड्याची लय 80 वर आणली. 80 धरलं तरी रचना 96 सेकंदांत संपते. म्हणजे आजचे वादक क्लारापेक्षाही पुष्कळ संथ वाजवतात. माझं मत विचाराल तर यंत्र बिघडलं असं मला वाटत नाही. शंभरच्या लयीत ही रचना एका वेगळ्या स्वभावाची होते, आणि तो स्वभावही खोटा नाही.

हे ऐकायचा सोपा मार्ग आपल्या खिशातच आहे. यूट्यूबवर व्हिडिओचा वेग बदलायची सोय असते. ती वापरून तेच ध्वनिमुद्रण दुप्पट वेगाने लावा. 48 ची लय 96 होते, म्हणजे शुमानच्या आकड्याच्या जवळ. मुख्य म्हणजे या सोयीत वेग वाढला तरी पट्टी बदलत नाही, पांढरी चार ती पांढरी चारच राहते. जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट जलद फिरली की आवाज चिरका व्हायचा, म्हणजे लय आणि पट्टी दोन्ही एकदम चढायच्या. इथे तसं होत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलतो ना, अगदी तसंच. सूर तेच, पट्टी तीच, फक्त लय बदलली. दुप्पट वेगाने वादकाने घेतलेले बारीक थांबेही निम्मे होतात, त्यामुळे ऐकायला थोडं यांत्रिक वाटेल. पण मुलांना फरक लगेच कळतो. माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "आता तो झोपाळ्यावर बसलाय." संथ ऐकताना कुणालाच झोपाळा आठवला नव्हता.

याच्या उलट प्रयोग पेटीवर करा. लय तीच ठेवा, पट्टी बदला. प सा, नी सा ग प सा हेच स्वर आधी पांढरी चारवरून, मग काळी एकवरून वाजवा. मुलांना जाड-बारीक एवढा फरक जाणवेल, भाव फारसा बदलणार नाही. आणि आता पट्टी परत पांढरी चार करा, पण गंधार कोमल घ्या. एकच स्वर हलला आणि वर्गाचे चेहरे बदलतात. म्हणून 'की'मुळे भाव बदलतो असं कुणी म्हटलं तर विचारा, पट्टीमुळे की स्वरांमुळे?

मग मेजर म्हणजे आनंदी का?

इथे शुमाननेच आपली सोय करून ठेवली आहे. 1848 च्या त्या मुलांसाठीच्या संचात 'आनंदी शेतकरी' नावाचा तुकडा आहे. तोही एफ मेजरमध्ये. त्याचीही सुरुवात खालच्या पंचमावरून षड्जावर. संगीतकार तोच, पट्टी तीच, स्वर शुद्धच, पहिलं पाऊलही तेच. पण सूर डाव्या हातात, जाड आवाजात. उजवा हात वरून ठेका दिल्यासारखे स्वर टाकतो. आणि लय चालती. शेतकरी कामावरून शीळ घालत घरी निघालाय असं वाटतं. दोन्ही तुकडे लागोपाठ लावा आणि मुलांना सांगा, या दोघांची पट्टी एकच आहे. विश्वास ठेवायला ती तयार होत नाहीत. पेटीवर वाजवून दाखवावं लागतं.

मायनरचंही असंच. 'बालपणीची दृश्ये'मधला तिसरा तुकडा पकडापकडीच्या खेळावर आहे. तो बी मायनरमध्ये, म्हणजे षड्ज पांढरी सात आणि स्वर कोमल. सूत्राप्रमाणे दुःखी असायला हवा. प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटात धावून संपणारा, दम लागेल असा तुकडा आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी नाव न सांगता ओळखलं की कुणीतरी कुणाच्या तरी मागे पळतंय. एकानेही 'सॅड' म्हटलं नाही.

भाव : शब्द कुठून आणायचे

ट्रॉयमेराय ऐकल्यावर मुलं आधी "शांत" म्हणतात, मग "सॅड". मी तेव्हा "आणखी शब्द?" म्हणत फळ्यावर काही मराठी शब्द लिहिते : निवांत, उदास, हुरहूर, ओढ, सुन्न, आतुर, हळवं. प्रत्येकाचा अर्थ एकेका प्रसंगातून बोलायचा. पाहुणे निघून गेल्यावर घर कसं वाटतं? उद्या जत्रा असली की रात्री कसं वाटतं? 'हुरहूर' या शब्दाला इंग्रजीत चटकन जोड मिळत नाही, आणि या रचनेला तो जितका चपखल बसतो तितका दुसरा कुठला शब्द मला सापडलेला नाही. दुःख नाही, पण काहीतरी निसटतंय.

आमच्या भागातले बरेच पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलं आजी-आजोबांकडे राहतात. चौथीतली एक मुलगी, एरवी वर्गात फारसं न बोलणारी, हे संगीत संपल्यावर म्हणाली, "आई कारखान्याला गेली की घर असं असतंय." मी फळ्यावर काही लिहिलं नाही. 'बरोबर' असंही म्हटलं नाही. शेजारच्या मुलीने "माझ्या घरी पण" म्हटलं, आणि त्या दोघी मधल्या सुट्टीत बराच वेळ एकत्र बसल्या होत्या. मूल्यमापनाच्या रकान्यात हे कुठे बसवायचं, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. मी वर्णनात्मक नोंदीत एवढंच लिहिलं : 'ऐकलेल्या संगीताचा स्वतःच्या अनुभवाशी संबंध जोडते.'

पालकांना एक विनंती. मूल असं काही बोललं की घाईने "अगं, हे तर छान शांत गाणं आहे" असं म्हणू नका. मोबाईलवर 'रिलॅक्सिंग पियानो', 'झोपेसाठी संगीत' अशा पाट्या लावलेल्या यादीत हीच रचना सापडते. ती पाटी कुणीतरी लावलेली आहे. आपल्या मुलाला तसंच वाटलं पाहिजे असं नाही.

एकच सूर, दोन आठवणी

मोठ्या मुलांना आणि शिक्षकांना ऐकण्यासाठी मी एक विशिष्ट ध्वनिमुद्रण सुचवते : व्लादिमीर होरोविट्झ, मॉस्को, 20 एप्रिल 1986. होरोविट्झचा जन्म 1903 चा. 1925 मध्ये त्याने सोव्हिएत देश सोडला आणि एकसष्ट वर्षांनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो पुन्हा तिथे वाजवायला गेला. आपला स्वतःचा पियानो सोबत घेऊन. मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहातल्या या मैफलीचं चित्रीकरण झालं आहे. ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहासाठी त्याने जे वाजवलं, त्यात ट्रॉयमेराय होतं. कॅमेरा श्रोत्यांकडे वळतो तेव्हा माणसांच्या गालांवरून पाणी वाहताना दिसतं. मेजर पट्टी, सगळे शुद्ध स्वर, एकही करुण शब्द नाही. तरीही.

सूत्राने याचं उत्तर मिळत नाही. थोडं उत्तर लयीत आहे. होरोविट्झ सूर वर चढताना किंचित रेंगाळतो, जणू वर पोचायचं की नाही हे ठरत नाहीये, आणि आवाज मोठा न करता उलट हलका करतो. थोडं उत्तर त्या माणसाच्या परत येण्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडच्या श्रोत्यांना माहीत नसते. व्होल्गोग्राडला, म्हणजे जुन्या स्टालिनग्राडला, मामायेव्ह टेकडीवर महायुद्धातल्या सैनिकांचं भलं मोठं स्मारक आहे. तिथल्या गोल दालनात हीच ट्रॉयमेराय सतत वाजत असते. जर्मन सैन्याशी लढताना गेलेल्यांच्या स्मारकात एका जर्मन संगीतकाराचा सूर! तेव्हा मॉस्कोतल्या त्या सभागृहातल्या कित्येकांसाठी हा तुकडा बालपणाचा नव्हता, न परतलेल्यांचा होता. भाव काही फक्त स्वरांत नसतो, ऐकणारा आपला अर्धा घेऊन येतो. आपल्याकडे सनईचंच बघा, तिचे सूर कानावर आले की आधी मांडव दिसतो, मग राग ओळखला जातो.

वर्गात लावताना

पहिली-दुसरीला फक्त पकडापकडी आणि आनंदी शेतकरी लावा, सोबत हालचाल करू द्या. तिसरीपासून ट्रॉयमेराय चालते. लावताना पंखा बंद ठेवा आणि खिडक्यांजवळच्या मुलांना आत घ्या, कारण पियानोचे हलके सूर आमच्यासारख्या पत्र्याच्या शाळेत लगेच हरवतात. पावसात तर प्रयत्नच करू नका. पहिल्यांदा ऐकताना काहीही विचारू नका, काही लिहायलाही सांगू नका. दुसऱ्यांदा हाताने उंची दाखवायची. वेग बदलायचा प्रयोग दुसऱ्या दिवशी. एकाच तासात सगळं कोंबलं तर मुलं कंटाळतात आणि आपणही.

वेळ उरलाच तर संचातला बारावा तुकडा लावा, झोपी जाणाऱ्या मुलाचा. ई मायनरमध्ये सुरू होतो, मध्ये शुद्ध स्वरांचा उजेड येतो, मग परत मायनर. पण शेवटी तो आपल्या षड्जावर परत येतच नाही. मध्यमाच्या स्वरसमूहावर, म्हणजे वाक्य अर्धवट सोडल्यासारखा थांबतो. पेटीवर सा दाबून धरा आणि विचारा, "गाणं घरी आलं का?" मुलं नाही म्हणतील. मग विचारा, का बरं आलं नसेल? आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "त्याला झोप लागली ना मॅडम, मग कसं संपवणार?"